जिभेवर ठेवून पाहिलेली वाळू

आमच्या हॉलमध्ये दिवसभर एक आवाज यायचा. टक. जरा थांबून पुन्हा टक. टाकीतला मासा तळाचा निळा खडा तोंडात उचलायचा, वीतभर लांब न्यायचा आणि काचेवर सोडून द्यायचा. की निघाला दुसरा आणायला. शाळेतून दमूनभागून यावं, चहाचा कप हातात घ्यावा, आणि माशांची हमाली सुरू. माझं डोकं उठायचं. "अहो, त्या माशांना काहीतरी सांगा," असं मी कितीदा म्हटलं असेल. आमचे हे हसायचे. "सांगतो," म्हणायचे आणि पेपर वाचायला लागायचे.

गेल्या श्रावणात हे गेले. सकाळी दाढी करता करता बसले ते बसलेच. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, मुलगी-जावई पुण्याला परतले, आणि लातूरच्या ह्या चार खोल्यांत शाळेतून रिटायर झालेली मी उरले. खरं सांगायचं तर दुपार मला खायला उठते. सकाळ कामात जाते, संध्याकाळी शेजारणी असतात, पण जेवण झाल्यावर एकटीचं एक ताट घासून ठेवलं की पुढं काय करायचं ते समजत नाही. तेव्हा हॉलमधून आवाज यायचा. टक. कुणीतरी घरात काहीतरी करतंय, एवढंच मला त्यातून ऐकू यायचं आणि ते पुरायचं.

हे पाटबंधारे खात्यात सुपरवायझर. अकरा वर्षं नांदेडला होते. माझी नोकरी लातूरच्या शाळेत, त्यामुळे ते तिकडे खोली करून राहायचे आणि शनिवारच्या एसटीनं घरी यायचे. मासे त्या खोलीतले. पिवळेधमक, बोटभर लांबीचे, सिक्लिड म्हणतात त्यांना. आफ्रिकेतल्या कुठल्याशा तळ्यातली जात. "हे कशाला पाळलंत?" मी एकदा विचारलं होतं. "खोलीवर कुणीतरी असावं म्हणून," हे म्हणाले. "मग मी कोण?" म्हटलं. "तू लातूरला असतेस," म्हणाले. मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं आणि मी नेलं.

रिटायर झाल्यावर टाकी टेम्पोत घालून लातूरला आणली. ह्या माशांना जड पाणी लागतं म्हणे. आमच्या बोअरच्या ज्या पाण्यानं दोन गीझर खाल्ले, ते त्यांना असं मानवलं की विचारू नका. लातूरच्या पाण्याचं कौतुक करणारे जगात एवढेच, असं हे येईल त्याला सांगायचे. पण टाकीच्या तळाला नांदेडहून आलेली वाळू होती, आणि ती मला खपली नाही. "हॉलमध्ये वाळू? लोक विचारतील, बांधकाम काढलं का म्हणून. निलंग्याच्या वन्सं तर वर्षभर बोलून दाखवतील." मी बाजारातून निळे चकचकीत खडे आणले. हे म्हणाले, "हाव," नांदेडकडचं हो. एवढंच. माझ्यापुढं त्यांचं बोलणं बहुतेकदा तेवढ्यावरच संपायचं.

हे गेले तेव्हा टाकीत सात मासे होते. थंडी संपेपर्यंत तीन राहिले. मी खाणं वेळेवर घालत होते, पाणी बदलत होते, सगळं ह्यांच्यासारखंच करत होते. तरी आठ-पंधरा दिवसांनी एक उलटा तरंगताना दिसायचा. त्याला जास्वंदीखाली पुरताना मी रडायची, आणि माशासाठी रडतेय म्हणून स्वतःवरच चिडायची. शेवटी चष्मा लावून काचेजवळ बसले. उरलेल्या तिघांचे ओठ सोलवटलेले होते, एकाच्या ओठावर पांढरी बुरशी. खड्यांचा निळा रंग उडत चालला होता, त्याचे कपचे पाण्यात फिरत होते. ह्यांच्यामागं उरलेलं जिवंत असं घरात तेवढंच होतं. ते तीन मासे माझ्या हातून जाऊ द्यायचे नाहीत, असं मी त्या दिवशी ठरवलं.

ह्यांच्या मोबाइलमध्ये 'मासेवाले' म्हणून नांदेडच्या दुकानदाराचा नंबर होता. फोन लावला. ह्यांची बातमी ऐकून ते हळहळले, माशांच्या ओठांचं, खड्यांचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "भाभी, खडे काढा. ही मच्छी वाळूतली. वाळू तोंडात घेते, चाळते, कल्ल्यातून बाहेर सोडते. खड्यानं तोंड फाटून राहिलंय तिचं." वाळू कसली टाकू, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. सुपरवायझरची बायको मी, मला कोण वाळू शिकवणार?

घर बांधलं तेव्हाची गोष्ट आहे. वाळूचा ट्रक आला की हे मूठभर वाळू उचलायचे, कानाशी नेऊन चोळायचे. मलाही शिकवलं होतं. करकर आवाज आला पाहिजे. तळहाताला माती राहता कामा नये. करकरणाऱ्या दाण्याला कोन असतात, तो सिमेंट धरून ठेवतो. गुळगुळीत वाळूची भिंत दगा देते. माझ्या कानाला करकर आली नाही म्हणून मी एक ट्रक परत पाठवला होता, आणि ते हे पुढं दहा वर्षं लोकांना सांगायचे. तेवढी एकच तारीफ त्यांनी चारचौघांत माझी केली असेल.

शेजारी एका घराचा स्लॅब चालला होता. तिथं क्रशरच्या वाळूचा ढीग. आता नदीची वाळू कुठं मिळते, दगड फोडून केलेलीच सगळीकडे. मूठभर उचलली, कानाशी चोळली. अशी करकरली की काय सांगू. काळीभोर, एकसारखी, मातीचा डाग नाही. मागून दोन घमेली आणली, रव्याच्या चाळणीनं चाळली, नऊ पाण्यांनी धुतली. मासे बादलीत काढले, निळे खडे उपसले आणि ती वाळू पसरली. पिवळे मासे काळ्या वाळूवर इतके उठून दिसले की मला वाटलं, ह्यांनी बघायला पाहिजे होतं.

मासे खाली गेले. तोंडभर वाळू घेतली, थुंकली. पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. दुसऱ्या दिवशी ते तळाला जाईनासे झाले. तिसऱ्या दिवशी फिल्टरच्या मागं कोपऱ्यात तिघंही एकाला एक लागून उभे, खाणं टाकलं तर वळूनसुद्धा बघेनात. घर एकदम गप्प झालं. त्या आठवड्यात मी टीव्ही लावून ठेवायला लागले, बघत नव्हते, नुसता लावलेला. रविवारी मुलीचा फोन आला. "आई, किती दिवस त्या माशांचं करणार? कुणाला तरी देऊन टाक आणि इकडं ये." मी तिच्यावर इतकी तडकले की ती बिचारी सॉरी म्हणाली. सोमवारी सकाळी तिघांतला एक उलटा होऊन वर आला होता.

वाळू उपसून टाकी रिकामी केली. उरलेले दोघं उघड्या काचेवर राहिले. ती वाळू रुमालात बांधली आणि नांदेडची एसटी धरली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मी मांडीवर रुमाल घेऊन बसलेली. ह्याच रस्त्यानं हे अकरा वर्षं दर शनिवारी आले आणि दर सोमवारी गेले, आणि ह्या काळात मी त्यांच्या खोलीवर मोजून तीनदा गेले असेन. शाळा, मुलगी, सासूबाईंचं दुखणं, कारणं सगळी खरी होती. पण बसमध्ये त्यांतलं एकही मला पटेना.

दुकानदार ह्यांच्याच वयाचे, पांढऱ्या दाढीचे. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा सांगितला, मग रुमाल उघडून वाळू बघितली. "कशी निवडली, भाभी?"

मी मूठ कानाशी नेऊन दाखवली. ते हसले नाहीत. "ही भिंतीची परीक्षा झाली. मच्छी वाळू कानात घालते का? ती तोंडात घालते. तुम्ही पण तोंडात घालून बघा."

मला वाटलं थट्टा करून राहिलेत. पण त्यांनी स्वतः चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं आणि बाहेर थुंकून आले. मग मीही ठेवली. जीभ फिरवली तर हिरडीला टोचलं. दाणा न् दाणा काचेच्या चुऱ्यासारखा. असला चुरा मी माशांना आठवडाभर चघळायला दिला होता. जी ह्यांची शिकवण मी अभिमानानं मिरवली, तिनंच ह्यांचा मासा मारला.

"गोदावरीची बारीक वाळू लागते," ते म्हणाले. "पाण्यानं घासून गोल झालेली. पण तुम्ही इथवर कशाला आलात? साहेबांनी नेली की वाळू. रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी आले होते. नायगावकडच्या एका ओळखीच्याकडून गोणी आणली होती, इथं माझ्या दुकानाच्या मागं बसून चाळली, तीनदा धुतली, वाळवली. चिमूट चिमूट तोंडात घालून बघत होते."

"मग टाकली का नाही?"

त्यांनी रुमाल पुन्हा बांधून माझ्यापुढं ठेवला. "मी पण विचारत होतो फोनवर. दर वेळी म्हणायचे, घरी विचारून टाकतो."

मला ह्यांनी कधीच विचारलं नव्हतं. मी काय म्हणेन ते त्यांना माहीत होतं, म्हणून विचारलं नव्हतं. चहा आला होता, तो मी कसाबसा संपवला. परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. बाजूच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत न्हाई का. मी म्हटलं, हाव, जरा डोकं दुखतंय.

जिन्याखाली आमचं अडगळीचं सामान असतं. जुना कूलर, ह्यांच्या खात्यातल्या कागदांचा पेटारा, मुलीची सायकल. ते सगळं ओढून बाहेर काढलं. मागं भिंतीला टेकून गोणी होती, तोंडाला सुतळी, वर प्लॅस्टिक बांधलेलं, ओल लागू नये म्हणून खाली दोन विटा. किती वर्षं मी तिच्यापुढून झाडू मारून गेले होते. सुतळीची गाठ ह्यांचीच, सुटता सुटेना, कापायला जीव होईना. नखं तुटेस्तोवर सोडवली. आत फिकट बदामी वाळू, इतकी कोरडी की बोटांतून घरंगळून गेली. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. टोचली नाही. ह्यांनीही दुकानामागं बसून हीच जिभेवर ठेवली होती, हे आठवलं आणि मी तिथंच जिन्याखाली बसून मोठ्यानं रडले. तेरा दिवसांत लोकांसमोर रडले होते, ते वेगळं.

वाळू टाकीत घातली त्याला आता दोन महिने झाले. दोघंही जगले. ओठ भरून आले. दिवसभर त्यांची खणाखणी चालते. तोंडभर वाळू घ्यायची, कल्ल्यांतून भुरभुर सोडायची, कोपऱ्यात ढीग करायचा, दुसऱ्या दिवशी तो मोडायचा. एवढे खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. फक्त आवाज नाही. वाळूचा आवाज होत नाही. ज्या आवाजावर मी इतकी वर्षं कावले आणि मग ज्याच्यावर दुपारी काढल्या, तो गेला तो गेलाच. निळे खडे अजून बादलीत आहेत. एक-दोनदा हात गेला तिकडे. एखादा टाकावा, एकच, काय बिघडतंय. टाकला नाही.

परवा दुपारी नांदेडहून दुकानदारांचा फोन आला. मासे कसे आहेत विचारलं. मी सांगितलं, मजेत आहेत. ते म्हणाले, "भाभी, एवढ्या मोठ्या टाकीत दोघंच कशाला? नवीन माल आलाय, पिवळाच, चांगला. एसटीनं चार-पाच पाठवून देऊ का?"

"घरी विचारून सांगते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर मी काय बोलले ते लक्षात आलं. तशीच हॉलमध्ये उभी राहिले. दोघं खाली वाळू उपसत होते.

"अहो," मी म्हटलं, "आणायचे का अजून?"