कायमची आली म्हणून सांगितलं

"शिकायला? कोण म्हणतं शिकायला? अहो साहेब, सून आहे ती माझी! माझ्या पोराशी लग्न झालंय तिचं, रीतसर, चार माणसांच्या सह्या आहेत. पळवून नाही आणली."

फोनवरचा माणूस थंडपणे म्हणाला, "म्हणजे त्या आता इथे राहायलाच आल्या आहेत?"

"मग काय तोंड दाखवून परत जायला आलीय? कायमची आलीय. खोली रंगवून ठेवलीय मी तिच्यासाठी."

"शिक्षण संपल्यावरही जाणार नाहीत?"

"तुमची बायको जाते का हो कुठं, काही संपलं की?"

पलीकडे कागदावर पेन खरखरलं. मग तो "धन्यवाद" म्हणाला आणि फोन बंद झाला.

मावशीने फोन एप्रनच्या खिशात टाकला आणि ओल्या चादरीचं टोक पुन्हा हातात घेतलं. समोरच्या टोकाला घडीवाली उभी होती. दोघींनी एकदम ओढून चादर ताणली आणि इस्त्रीच्या गरम रोलरच्या तोंडात दिली.

"कोण होतं गं?" घडीवालीने विचारलं.

"विमानतळावरचा साहेब. सून उतरली. माझ्याकडून खात्री करून घेतली त्याने."

"अगं बाई! सासूला विचारल्याशिवाय आत सोडत नाहीत?"

"नाहीच सोडणार. दार सरकारचं असलं तरी घर माझं आहे."

आणि हे ती इतक्या मोठ्याने बोलली की पलीकडे धुण्याच्या यंत्रांपाशी उभा असलेला मुकादमही हसला. मावशीला त्या दवाखान्याच्या धुलाईघरात सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर मावशी, माघारी भोंगा. यंत्रांच्या घरघरीत दुसऱ्यांना ओरडून बोलावं लागे, हिला नुसतं बोललं तरी पुरे. जे पोटात ते ओठांवर, आणि ओठांवरचं तिसऱ्या मजल्यापर्यंत. तिला काही सांगायचं म्हणजे भिंतीवर लिहिल्यासारखंच. तिला स्वतःलाही ते माहीत होतं आणि त्याचा तिला जरा तोराच होता. लपवायचं त्यांनी, ज्यांनी काही केलंय, असं तिचं म्हणणं.

ऐन तारुण्यात ती या धुलाईघरात लागली. तेव्हा नवरा नुकताच दूरच्या खाणीवर कामाला गेला होता. "जरा बस्तान बसलं की येतो," म्हणून गेला, आणि बस्तान त्याचं तिकडेच बसलं, दुसऱ्या बाईसकट. मावशी रडलीबिडली नाही. त्याचे दोन सदरे होते ते फाडून तिने फडकी केली आणि पोराला एकटीने वाढवलं. पोरगा लिफ्ट दुरुस्त करायला शिकला. एकदा मुलींच्या वसतिगृहातली लिफ्ट मधेच अडकली. आत एक परदेशातली विद्यार्थिनी होती, हातात प्लास्टरचे दात. कृत्रिम दात बनवायचं शिक्षण घ्यायला आली होती. याने वरून टॉर्च मारला तर आधी दातच दिसले, मग पोरगी. ही गोष्ट मावशीने धुलाईघरात इतक्या वेळा सांगितली होती की सुनेचं नाव तिथे कुणालाच माहीत नव्हतं, सगळे तिला दातवालीच म्हणत.

लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत दातवालीचे वडील आजारी पडले. ती माहेरी गेली. वडील उठून बसले, ती परत यायला निघाली. विद्यार्थ्यांना मिळतो तो व्हिसा अजून चालू होता, कोर्सही संपायचा होता, त्याच व्हिसावर ती आज उतरली होती. व्हिसा कसला आणि कुठला याच्याशी मावशीला काय करायचं होतं? सून घरी येतेय, एवढं तिला पुरे होतं.

पुढची चादर अर्धी रोलरमध्ये गेली असेल, तोच पोराचा फोन आला.

"आई, तुला विमानतळावरून फोन आला होता का? मी खाली तळघरात गाडी लावत होतो, माझा लागला नाही त्यांना."

"आला होता ना. सांगितलं मी सगळं व्यवस्थित."

"काय सांगितलंस?"

"कायमची आलीय म्हणून सांगितलं. आणखी काय सांगणार?"

पलीकडून नुसता गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला.

"अरे बोल की! जीभ गिळलीस का?"

"आई, तिला बसवून ठेवलंय आत. संध्याकाळच्या विमानाने परत पाठवणार आहेत. ती शिकायला म्हणून आलीय ना! त्या व्हिसावर यायचं तर शिकून झालं की परत जाईन असं कबूल करावं लागतं. तू सांगितलंस जाणारच नाही. म्हणजे त्यांच्या लेखी ती खोटं बोलली."

"लग्न झालंय हे सांगायची बंदी आहे का?"

"लग्न तिनेच सांगितलं होतं आधी! लग्नाला त्यांची हरकत नाही. कायमचं राहायचं असेल तर बायकोचा परवाना वेगळा असतो, आई. शिकायच्या व्हिसावर येऊन राहून जाता येत नाही."

मावशीच्या हातातली चादर सुटली. घडीवाली तिकडे एकटीच टोक धरून उभी. चादर तिरपी होऊन रोलरमध्ये गुंडाळली गेली, जळका वास आला आणि मुकादमाने धावत येऊन यंत्र बंद केलं.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?" मावशी फोनमध्ये गरजली. "घोड्याएवढा झालास, लग्न झालं, एवढी अक्कल नाही की आईला आधी दोन शब्द सांगावेत?"

"तुला सांगितलं असतं तर अख्ख्या दवाखान्याला कळलं असतं."

"कळू दे! चोरी केलीय का आपण? थांब तिथंच. मी येते."

"आई, तू नको येऊस. पाया पडतो तुझ्या."

"माझ्या तोंडाने झालंय, माझ्याच तोंडाने निस्तरते."

तिने एप्रन काढून घडीवालीच्या खांद्यावर टाकला. मुकादम आडवा आला. "मावशी, ऑपरेशनच्या चादरी यायच्यात अजून. असं मधेच कुठं निघालात?"

"तुम्हाला देवाने दोन हात दिलेत ना? लावा की चादरी. रोज माझ्यामागे उभं राहून शिकवता, आज करून दाखवा."

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि स्वतःशीच भांडत राहिली. शेजारच्या बाईने आधी अंग चोरलं, मग जागाच बदलली. आधी राग साहेबाचा. गोड गोड विचारतो मेला, म्हातारीला वाटतं पोरीची चौकशी करतोय. मग पोराचा. मग त्या कायद्याचा. घरात यायचं तर आधी निघून जाईन म्हणायचं, हा कुठला उंबरठा? राहीन म्हणणाऱ्याला हाकलायचं आणि जाईन म्हणणाऱ्याला आत घ्यायचं. तिचा नवरा मरेपर्यंत येतो-येतो म्हणत होता, त्याला कुणी कधी अडवलं नाही. स्वतःचाही राग आला, पण तो तिने बराच वेळ जवळ फिरकू दिला नाही.

विमानतळाच्या दाराशी पोरगा वाटच पाहत होता. डोळे लाल, शर्टावर ग्रीस.

"हे बघ आई, आत गेल्यावर सांग, मी उत्साहात बोलले. सांग की ती जाणार आहे."

"खोटं बोलू? त्या फोनवाल्यासमोर?"

"खोटं नाही ते..." पोरगा म्हणाला आणि एकदम थांबला.

तेवढ्यात आतून बोलावणं आलं, म्हणून 'खोटं नाही म्हणजे काय?' हे विचारायचं राहून गेलं.

खोली लहान होती. पांढरी ट्यूबलाइट, एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचा उलटा ठेवलेला जार. टेबलावर सुनेची उघडलेली पिशवी आणि तिच्याशेजारी मेणात बसवलेली दातांची पूर्ण कवळी, विचकून हसत असलेली. माहेरी बापाच्या उशाशी बसून पोरीने सराव केला होता. ती स्वतः खुर्चीत पाय जवळ घेऊन बसली होती. सासूला पाहिल्यावर उठायला लागली, साहेबाने हाताने बसवलं.

साहेब तरुण होता, नीटनेटका, आवाज तोच. "बसा आजी."

"आजी नाही. मावशी म्हणतात मला."

"बरं, मावशी. सकाळी तुम्ही म्हणालात, या कायमच्या आल्या आहेत."

"म्हणाले. मला जे वाटतं ते म्हणाले. मी सासू आहे, सुनेने राहावं असंच वाटणार ना मला? ती काय म्हणते हे तिला विचारलंत का?"

"विचारलं. त्या म्हणतात, परीक्षा झाली की लगेच परत जाणार. बायकोचा परवाना तिकडूनच मागणार आणि तो हातात येईपर्यंत तिकडेच राहणार. त्याला वर्ष लागो, दोन वर्षं लागोत. तुमचे चिरंजीवही हेच सांगतात. तुम्ही मात्र बरोब्बर उलटं सांगितलंत. मग आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?"

मावशीने साहेबाकडे पाहिलंच नाही. तिने पोराकडे पाहिलं. पोरगा दातांच्या कवळीकडे पाहत होता.

"हे कधी ठरलं?"

"आई, आपण घरी बोलू."

"हे कधी ठरलं म्हणते मी!"

"ती माहेरी जायच्या आधी. वकिलाकडे गेलो होतो तेव्हा."

"आणि मी? मी कोण? भाडेकरू?"

"आई," सून मधे म्हणाली, "मी सांगणार होते तुम्हाला. हे म्हणाले, परीक्षा झाल्यावर सांगू."

"म्हणजे बॅग भरल्यावर! शिडीवर चढून मी भिंती रंगवतेय, गुडघे ठणकतायत, हा नालायक खालून म्हणतोय, आई, तिला निळा आवडतो. निळा! अरे, जाणारच आहे हे माहीत असून माझ्याकडून खोली रंगवून घेतलीस?"

"तू किती खूश होतीस तेव्हा. कसं सांगणार होतो?"

"तोंडाने! तोंड दिलंय ना? का तेही बापाकडे ठेवून आलास? तोही असाच गेला, जरा बस्तान बसलं की येतो म्हणून. निदान त्याने सांगून तरी थापा मारल्या! तू तर तेवढंही नाही." तिने टेबलावर हात आपटला तशी कवळी एक उडी मारून आडवी पडली. "दोन वर्षं! मी काय दगड आहे? साठीला आलेय मी. दोन वर्षांनी ही येईल तेव्हा मी तिला ओळखीन तरी का? का तीच येणार नाही?"

"येईन," सून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं होतं. "आई, मी येईन."

"तू गप्प बस. तुझ्याशी नंतर बोलते."

दारातला शिपाई आत डोकावला. साहेबाने त्याला मान हलवून घालवलं. इतका वेळ तो पेन हातात धरून नुसता बघत होता. आता त्याने आडवी पडलेली कवळी उचलून सरळ ठेवली.

"तुम्हाला खरंच यातलं काही माहीत नव्हतं?"

"माहीत असतं तर सकाळी तुमच्याशी एवढा शहाणपणा केला असता का? घरात एकीलाच कळू द्यायचं नाही, आणि ती मी. विचारा या दोघांना."

साहेबाने पेन खाली ठेवलं. मग त्याने पोराकडे न पाहता, सुनेकडेही न पाहता, मावशीलाच विचारलं, "मग आता तुम्हीच सांगा. परीक्षा झाली की त्या जातील?"

मावशीला सगळं कळलं. या माणसाला दोघांच्या शंभर शब्दांपेक्षा तिचा एक हवा होता, कारण तिच्याकडे लपवायला जागा नाही हे त्याने आत्ता डोळ्यांनी पाहिलं होतं. 'नाही' म्हटलं तर पोरगी संध्याकाळच्या विमानात. 'हो' म्हटलं तरी विमानच, फक्त परीक्षेनंतरचं. आणि ज्या तोंडाने सकाळी कायमची म्हटलं, त्याच तोंडाने हे म्हणायचं. तिला साहेबाच्या त्या स्वच्छ टेबलावर थुंकावंसं वाटलं.

"जाईल," ती म्हणाली. आवाज इतका लहान की पोराने दचकून वर पाहिलं.

"नक्की?"

"एकदा सांगितलं ना! मी स्वतः आणून बसवते विमानात. मग तर झालं? आता मारा तुमचा तो शिक्का आणि सोडा पोरीला, सकाळपासून तिच्या पोटात काही नाही."

शिक्का बसला. कोर्स संपेपर्यंतचा. मुदत उलटून एक दिवस जरी राहिल्या तर पुढे बायकोचा परवानाही विसरा, असं साहेबाने बजावलं. मावशीने कवळी पिशवीत घातली आणि पिशवी उचलली. दाराशी गेल्यावर मात्र वळली. "साहेब, तुमची आई असेल ना? तिला असा फोन कुणी करू नये."

गाडीत मागे लिफ्टचे दोर आणि हत्यारं खडखडत होती. पोरगा दोनदा नुसता खाकरला. शेवटी सून म्हणाली, "आई, रागावलात?"

"रागावले. उद्याही रागावणार आहे आणि परवाही. तुझ्यावर कमी, याच्यावर जास्त. लवकर जाईल असं समजू नका." थोडं अंतर गेल्यावर ती पुन्हा म्हणाली, "परीक्षेत नापास झालीस तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही, सांगून ठेवते. एवढं सगळं करून वर परत पहिल्यापासून नको."

"नाही होणार."

"आणि यापुढे जे ठरेल ते मला पहिलं कळलं पाहिजे. मग मी ते गावभर सांगेन नाहीतर छपरावर चढून ओरडेन. माझं मी बघीन. काय?"

"हो, आई," दोघं एकदम म्हणाले.

"मला दवाखान्यापाशी उतरव."

"आई, आज राहू दे ना. ती आत्ताच आलीय."

"घरी येऊन काय करू? निळ्या भिंती बघत बसू? स्वयंपाक झाकून ठेवलाय, गरम करून घ्या."

धुलाईघरात वाफ कोंडली होती. मुकादमाने खरंच चादरी लावल्या होत्या. निम्म्या तिरप्या निघालेल्या, निम्म्यांना घड्यांच्या जागी चुण्या. घडीवाली त्याच्याकडे पाहून तोंडाला पदर लावून हसत होती. मावशी आत येताच ती धावली. "आली का दातवाली? सोडलं का?"

मावशीने तोंड उघडलं. धुलाईघरातली यंत्रं चालू होती, तरी चार-पाच जणी कान देऊन थांबल्या. तिने तोंड मिटलं आणि एप्रन मागे बांधला.

"सोडलं," ती म्हणाली. "बाकीचं उद्या. आधी त्या ऑपरेशनच्या चादरी इकडे ओढ. आणि मुकादम, तुम्ही सरका बाजूला. असं कुणी धरतं का टोक?"