लाल खुणेवरचा काटा

गरम रबराचा वास आला की लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हाच्या दुष्काळातली एक दुपार आठवते. वडिलांनी जुन्या मोटारीला नुकताच मोठा रेडिएटर बसवून घेतला होता. कळा सुरू झालेल्या बहिणीला घेऊन आम्ही मुखेडहून लातूरला निघालो आणि अहमदपूरच्या अलीकडे उष्णतेचा काटा लाल खुणेवर गेला. वाफ मात्र दिसेना. गाडी थांबलेली बघून रस्त्याकडेच्या घरातली बाई घागर घेऊन आली. "हे ओता. पोरीला लई वेळ थांबवू नका." वडिलांनी घाईत झाकण काढून घागर उपडी केली, तर सगळं पाणी मातीत सांडलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला होता; बिघडला होता तो जुना काटाच. "भरलेलंच व्हतं की," बाई हळूच म्हणाली. वडिलांनी रिकामी घागर तिच्या हातात दिली. तिने हात केला, "जावा आता." बहिणीला सुखरूप मुलगी झाली. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर राग होता की दिलासा, हे मला आजही सांगता येत नाही.