धागा मी ताणला

"हिच्या हाताला मानलं पाहिजे. सुई-टाका यांच्याकडे पिढीजातच असतो."

आमचे गाईड सर हे सगळ्या लॅबसमोर बोलले. मराठीत. बेंगळुरातल्या त्या लॅबमध्ये मराठी कळणारे तिघंच. सर, पुण्याचा अनिरुद्ध आणि मी. अनिरुद्ध हसला. बाकीच्यांना वाटलं, माझं कौतुक चाललंय. मीही कसंनुसं हसले. त्या हसण्याची अजून चीड येते.

माझे आजोबा जालन्यात चपला शिवायचे. हे मी सरांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी आडनावावरून काढलं.

मी पेशीच्या केंद्रकात सुई घालते. काचेची नळी तापवून ओढायची, टोक केसाहून बारीक करायचं आणि आतलं क्रोमॅटिन, म्हणजे डीएनएचा गुंडाळलेला धागा, ताणून बघायचं. माणसाच्या उंचीहून लांब धागा तिथे घड्या घालून बसवलेला असतो. हळू ताणला तर लांबतो, सोडला की आवरतो. फार वेळ ताणून धरला, तर काही घड्या पुन्हा पहिल्यासारख्या बसत नाहीत. हे मी पाहिलं. डोळे लाल होईपर्यंत पाहिलं.

पण पाहुण्यांसमोर बोलायचं अनिरुद्धनं. लॅबची रीतच ती. "तुझं इंग्लिश कच्चं आहे," सर म्हणायचे. मी पहिल्या रांगेत बसायचं आणि तो अडला की हळूच उत्तर पुरवायचं. राबायचं मी, मिरवायचं त्यानं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

राजाजीनगरात मी ज्यांच्याकडे राहते, त्या अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "स्वल्प अ‍ॅडजस्ट कर गं. पदवी पडू दे हातात." हे शहर सगळ्यांना हेच सांगतं. केलं मी अ‍ॅडजस्ट.

मग कालची बैठक. अनिरुद्ध माझा व्हिडिओ दाखवत होता. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "धागा तुटलाच नाही, हे कशावरून?" अनिरुद्धनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी ओठ मिटून घेतले. सरांनी मराठीत दटावलं, "सांग ना त्याला!"

मी उठले. पुढे गेले. कच्च्या इंग्रजीत म्हणाले, "हे काम मी केलंय. उत्तर मीच देणार. इथे उभी राहून." सर म्हणाले, "बस खाली." मी बसले नाही. पूर्ण उत्तर दिलं, मगच थांबले.

आज सरांनी खोलीत बोलावलं. उद्या सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर दुसरा गाईड शोध. दुसरा कुणी मला घेईल की नाही, ठाऊक नाही. इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाईल. भीती वाटतेच.

उद्या मी उभी राहणार आहे. माफी मागायला नाही. सर त्या दिवशी मराठीत काय बोलले, ते सगळ्यांना इंग्रजीत सांगायला. सुई-टाक्यासकट, शब्दन्‌शब्द.

तेवढं इंग्रजी मला येतं.