अकरा जोडलेले हात

"ताठ उभी राह्य, माय. वाकू नको."

माप घेताना टेलरबाईंचं हे वाक्य ठरलेलं. समोर नववधू असो की सत्तरीची म्हातारी, गळ्यातली टेप काढायच्या आधी बाई एक पाऊल मागं सरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "तुहा डावा खांदा अर्धं बोट खाली हाये. घागर डाव्या कमरेवर घेतं का?" ती बाई हो म्हणायची आणि थक्क व्हायची. साखरखेर्ड्यात मी शिक्षक म्हणून आलो, तेव्हा मला भाड्याने मिळालेल्या घरासमोरच त्यांची शिवणाची खोली होती. त्यामुळे हा प्रकार मी शेकडो वेळा पाहिला आहे.

बाईंचं घर भाविक होतं. भेटेल त्याला "दंडवत" म्हणायचं, मांसमच्छीला शिवायचं नाही, आणि नवस बोलायचा नाही. त्यांच्या पंथात देवाशी सौदा करत नाहीत. लग्नाला दहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं, तेव्हा बायकांनी त्यांना किती देव आणि किती झाडं सुचवली असतील, मोजदाद नाही. बाई सगळ्यांना एकच सांगायच्या, "मागून घेतलेलं नाही पाह्यजे मले. तो देईन ते घेईन." मग नवराबायको एका संस्थेत गेले आणि दीड वर्षाची पोर घेऊन आले. कोर्टाचे कागद झाले, नाव ठेवलं रेवती. गावभर पेढे वाटताना बाई म्हणत होत्या, "देवानं देली."

दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे भजन असायचं. मी काही त्यांच्या पंथाचा नाही, पण एकटा माणूस, बायको तेव्हा चिखलीला नोकरीला, म्हणून जाऊन बसायचो. रेवती टाळ वाजवायची. गळा बेताचाच होता, पण ताल पक्का होता.

ती सातवीत माझ्याच वर्गात होती. शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर आल्या. त्यांनी एकेका मुलीला पुढे वाकायला सांगितलं. रेवती वाकली आणि डॉक्टरांचा हात तिच्या पाठीवर थांबला. उजवीकडची पाठ उंच वर आली होती. त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. मग गणवेशाचा खांदा चाचपला आणि म्हणाल्या, "यात कोणीतरी कापडाची घडी शिवली आहे, सर. दोन्ही खांदे सारखे दिसावेत म्हणून."

संध्याकाळी चिठ्ठी घेऊन मी समोर गेलो. बाई मशीनवर होत्या. चिठ्ठी त्यांनी वाचली नाही.

"मले माहीत होतं सर," त्या म्हणाल्या. "दीड वर्षापासून माहीत हाये. म्याच शिवला तो खांदा."

"मग दाखवलं का नाही?"

"रोज हात जोडत होती. वाटे, उंची वाढली का होईन सरळ. लोकायच्या पोरीचं अर्धं बोट दिसते मले, अन माह्या पोरीचं..." त्यांनी मशीनचं चाक हाताने दोनदा उलटं फिरवलं. दोरा तुटला. तो त्यांनी पुन्हा ओवला नाही.

त्यांचा नवरा जीप चालवायचा, अबोल माणूस. तिघं छत्रपती संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या सर्जनने फोटो उजेडात धरला. कणा वरून खाली येताना उजवीकडे वळून पुन्हा डावीकडे आला होता. दीड वर्षापूर्वी आणलं असतं तर कदाचित पाठीला पट्टा बांधून भागलं असतं, आता सळ्या आणि स्क्रू टाकावे लागतील, असं तो म्हणाला. पायातली ताकद जाण्याचा धोका आहे, हेही त्याने लपवलं नाही. बाईंनी मला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "देवाचा दोष नाही सर. डोळे तं त्यानं चांगलेच देले होते."

शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसली. तारीख चार महिन्यांनी मिळाली, आणि त्या चार महिन्यांत त्या घराने केली तितकी कसून तयारी मी कुठल्या लग्नाचीही पाहिली नाही.

फुफ्फुसाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढायच्या. रेवती उंबरठ्यावर बसून ओढायची, आत बाई शिवता शिवता मोजायच्या. पहिल्या आठवड्यात एकच गोळी हलायची. तिसरी वर गेली त्या दिवशी बाईंनी मला हाक मारून बोलावलं आणि पोरीला माझ्यासमोर पुन्हा ओढायला लावलं. शस्त्रक्रियेनंतर कुशीवर वळताना मान, पाठ, कंबर एकदमच वळली पाहिजे, म्हणून सतरंजीवर नवराबायको सराव करायचे. आधी त्याने निजायचं आणि बाईंनी चादरीसकट वळवायचं, मग उलट. रेवती बाजूला उभी राहून चुका काढायची. "बाबा, तुमची मान मागं राह्यली!" त्या घरात त्या दिवसांत एवढंच हसू ऐकू यायचं.

हात वर करता येणार नाहीत म्हणून बाईंनी पुढून उघडणारे सहा सैल झगे शिवले. पाठीवर एकही शिवण येऊ दिली नाही. टाक्यांना घासेल म्हणून.

त्या दिवसांत बाईंची नणंद ब्लाऊज शिवून घ्यायला आली होती. मी रेवतीची वही द्यायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. नणंद म्हणाली, "वहिनी, राग नका मानू. पण संस्थेवाल्यायले परत नाही देता येत का इले? तुमाले फसवलंच ना त्यायनं. तुमी काय जलम देला का तिले?"

आत सतरंजीवर रेवती अभ्यास करत होती. मधे फक्त पडदा होता.

बाईंनी कात्री खाली ठेवली. नणंदेचं बेतायला घेतलेलं कापड घडी केलं, अस्तर त्यात ठेवलं आणि तिच्या हातात दिलं. "हे घेऊन जा ताई. मले जमत नाही."

"काऊन? आता तं माप घेतलं!"

"परतच द्यायचं म्हणता ना? घ्या मंग."

नणंद गेली ती पुन्हा आली नाही. तिच्यामागे सासरचं कोणीच आलं नाही.

दवाखान्याने चार बाटल्या रक्ताची सोय करायला सांगितलं होतं. चार माणसं आधी येऊन रक्त देऊन जायची, एवढंच. कोणत्याही गटाचं चालणार होतं, रक्तपेढी बदल्यात रेवतीच्या गटाचं देणार होती. बाईंनी आयुष्यात कोणाला काही मागितलं नव्हतं. त्या गुरुवारी भजन संपल्यावर त्या उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि जमिनीकडे पाहत बोलल्या, "चौघं पाह्यजेत."

अकरा हात वर झाले. त्यांत माझाही होता. कोणीतरी तिथल्या तिथे मोबाईलवर ग्रुप काढला. त्यात जोडलेल्या हातांची चित्रं आली, एकाखाली एक, बरोबर अकरा. एकाने लिहिलं, "आपलीच लेक आहे." त्याखाली पुन्हा हात. बाईंना वाचता येत होतं, तरी त्यांनी रेवतीला ते मोठ्याने वाचायला लावलं.

शनिवारी सकाळी सातला जीप निघणार होती. शुक्रवारी दुपारी बाईंचा मला फोन आला. समोरासमोर राहत असून फोन, कारण ग्रुपमध्ये नावं होती त्या सगळ्यांना त्या ओळीने फोन करत होत्या.

आता इथे मला खरं लिहिलं पाहिजे. मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. शिवाय शनिवारी बायको चिखलीहून येणार होती. आणि मनात हिशेब होता, की अकरांतला एक गेला तर दहा उरतात, लागतात चारच. मी म्हणालो, "बाई, घोटाळा झाला. परवाच तपासणी केली, मला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले रक्त द्यायचं नाही."



"अरे देवा," बाई म्हणाल्या. "कवा निघाली? किती निघाली? सर, गोड बंद करा बरं आजपासून. तुमी एकटे राह्यता. कोण पाह्यल तुमाले?"

शनिवारी सकाळी मी खिडकीचा पडदा लावून घेतला होता. जीप सात वाजता उभी होती. साडेसातला होती. आठलाही होती. मग सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढचं मला बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या एका जीपवाल्याने सांगितलं. बाईंच्या नवऱ्याचीच गाडी, पण त्या दिवशी त्याला चालवायचा धीर होईना म्हणून त्याचा हा दोस्त चालवायला बसला होता. अकरा जणांतला एकच आला, गिरणीवाला. बाकी दहांची कारणं बाई वाटेत एकेक सांगत होत्या, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचा ताप, आणि "सरायले तं बिचाऱ्यायले शुगर निघाली." नवऱ्याने रक्त दिलं. गिरणीवाल्याने दिलं. जीपवाला म्हणाला, "म्या बी देलं. आलोच होतो ना." चौथी बाटली उरली. बाई स्वतः जाऊन बसल्या, तर अंगात रक्तच कमी निघालं. त्यांना उठवून दिलं.

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"काय करतीन? वार्डात गेली. एकेका खाटेपाशी उभी राहे, पदर पुढं करे अन म्हणे, माह्या पोरीले एक बाटली रक्त द्या. लोकायले वाटे भीक मागून राह्यली. एकानं दहाची नोट टाकली पदरात." जीपवाला माझ्याकडे न पाहता बोलत होता. "शेवटी परभणीकडचा एक म्हातारा होता, त्याचा पोरगा उठला. नावबी नाही विचारलं त्यानं."

बाईंनी यातलं अक्षरही मला कधी सांगितलं नाही.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. रेवतीचा कणा सरळ झाला, ती दोन बोटं उंच झाली. उजवं पाऊल मात्र उचलेना. नसेला धक्का बसला, डॉक्टर म्हणाले. ताकद येईल किंवा येणार नाही. महिन्याभराने ते परतले तेव्हा गुरुवारची माणसं नारळ घेऊन भेटायला गेली. मीही गेलो. सगळे म्हणत होते, देवाच्या कृपेने पार पडलं. बाई सगळ्यांना "दंडवत" म्हणत होत्या. चहा आला. माझा कप त्यांनी वेगळा आणून दिला.

"बिनसाखरेचा हाये, सर."

मी तो प्यालो. त्यानंतर पुढचं दीड वर्ष त्या घरी मी तसाच चहा प्यालो. दर महिन्याला जांभळाच्या बियांची पूड डबीत भरून यायची, घरी वाळवून कुटलेली. एकदा मी नको म्हणालो, तर बाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी रोज नाव घेते म्या. रेवतीचं झालं का तुमचंच." खरं सांगावं असं मला त्या क्षणी वाटलं होतं. मी डबी घेतली.

गुरुवारचं भजन पुन्हा सुरू झालं नाही. बाईंनी कोणाला येऊ नका म्हटलं नाही, कोणी विचारलंही नाही. दिवा लागल्यावर आतून तिघांचाच आवाज यायचा.

रेवती पावलाला पट्टी बांधून शाळेत येऊ लागली. नववीत होती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर जिलेबी वाटली. मी स्टाफरूमच्या दारात उभा राहून दुसरी जिलेबी तोंडात घालत होतो, आणि ती हजेरीपट घेऊन समोर आली. माझा हात तसाच राहिला. बोटांवरून पाक ओघळला. तिने हजेरीपट टेबलावर ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पाय ओढत वर्गाकडे गेली.

मे महिन्यात ते गाव सोडून संभाजीनगरला निघाले. पायाचे व्यायाम तिथे रोज होणार होते. मी म्हणालो, इथूनही जाऊन येता आलं असतं. बाई म्हणाल्या, "इथं ते चालली का लोक पाह्यतात सर. तिथं कोणी वळखत नाही."

बसस्टँडवर मी सोडायला गेलो. कंडक्टरने रेवतीला आधार द्यायला हात पुढे केला, तर बाई म्हणाल्या, "नका. चढते ते." ती चढली. वेळ लागला, पण मागचं कोणी कुरकुरलं नाही. बाई मागच्या बाजूला नवऱ्याच्या हातात मशीनचं मुंडकं देत होत्या. रेवती खिडकीशी बसली. गजांना तोंड लावून हळूच म्हणाली, "सर, ते जिलेबीचं आईले म्या सांगलं नाही."

मी काही बोलेपर्यंत बाई खिडकीशी आल्या. "काय म्हणते हो ते?"

"काही नाही," मी म्हणालो. "फोन करीन म्हणते."

बस सुटली. त्या खोलीत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. मी तो अजून लावलेला नाही.