पळी नसलेलं इंजिन

त्या गल्लीत तिला नावाने कुणीच हाक मारत नाही, सगळे बोअरबाई म्हणतात. झिजलेली इंजिनं आतून तासून परत गोल करायची, म्हणजे बोअर करायची, हे काम ती तीस वर्षं करतेय. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिची चिठ्ठी चालते. इंजिन अमुक सालचं, खाली सही, बस. आजवर एकही चिठ्ठी खोटी निघालेली नाहीये, आणि तिला मिरवायला दुसरं काही नाहीच.

तिचा धाकटा भाऊ मिरवण्यात मात्र पटाईत. तो एका शेठकडे कामाला; शेठकडे आठ जुन्या गाड्या, आणि हा त्यांचा म्हणे तज्ज्ञ. नखं बघाल तर नवरदेवासारखी स्वच्छ. स्पार्क प्लग कुठल्या बाजूने घट्ट होतो हे विचारलं तर फोन काढेल.

एके दिवशी तो आणि शेठ टेम्पोत त्यातल्याच एका गाडीचं इंजिन घालून आले. कंपनीचा बिल्ला कधीच गळून पडलेला, वर ताजा हिरवा रंग फासलेला.

"ताई, अडतीस सालचं आहे. फक्त चिठ्ठी दे," भाऊ म्हणाला. "प्रदर्शनात चाळीसच्या आधीचा गट आहे ना, त्यात लावायचंय. शेठना मी शब्द दिलाय."

"तू कधीपासून शब्द द्यायला लागलास?"

शेठ हसले. भावाने खिशातून भिंग काढलं. भिंग, अरे देवा, हेरगिरीच करायची होती जशी. ब्लॉकवर ओतीव अक्षरं होती: सी, चौदा, आठ.

"सी म्हणजे तिसरा महिना, मार्च, चौदा तारीख, आठ म्हणजे अडतीस."

"आणि अठ्ठेचाळीस का नाही?"

भावाने भिंग परत आठवर धरलं. तिला हसूच आलं. कारखानेवाले सालातला शेवटचा आकडा तेवढा ओतायचे, दशक लिहायचेच नाहीत. ज्याला दशक कळत नाही त्याने ब्लॉक वाचूच नये, असं तिचं मत.

"शब्द गेला तर शेठ मला ठेवणार नाहीत गं," भाऊ तिच्या कानाशी पुटपुटला. तोंड बारीक झालं होतं. लहानपणी पाटी फोडून आला की असंच करायचा. क्षणभर तिचा हात पेनाकडे गेलाही. आठच तर होता, कोण बघणार होतं?

पण तिने पाना उचलला.

"उलटं कर."

इंजिन आडवं करून तिने खालचं ऑइल चेंबर सोडवलं. या घराण्याची डझनभर इंजिनं तिच्या टेबलावरून गेली होती. महायुद्धाआधीच्या प्रत्येकात पिस्टनच्या दांडीला खाली छोटी पळी असते, ती फिरता फिरता तेल उडवते. नंतरच्यांत, पन्नासला ही इंजिनं बंद होईपर्यंत, पळी नाही, क्रँकच्या आसातच भोकं पाडून पंपाने तेल पाठवलेलं.

तिने टॉर्च मारला. पळी नव्हती. सहाच्या सहा दांड्या सपाट.

"कुणीतरी नंतर कापली असेल," भाऊ.

"आणि ही भोकं उंदरांनी पाडली का? ब्लॉकमध्ये तेलाची वाटसुद्धा ओतलेलीच आहे, बोट घाल. घाल ना, नखं खराब होतील म्हणून थांबलास?"

शेठनीच बोट घातलं. काळं बोट बाहेर काढून त्यांनी ते भावासमोर धरलं.

तिने चिठ्ठी लिहिली, इंजिन अठ्ठेचाळीसचं, आणि सही केली. भाऊ हात पुढे करेना, म्हणून शेठनीच घेतली.

"बाकीच्या सात गाड्यांची सालंही यानेच काढलीत," शेठ तिला म्हणाले.

तिने भावाकडे पाहिलं. भाऊ स्वतःच्या बुटांकडे.

"आणा त्याही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाडी ढकलत आणली ती भावानेच, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. शेठनी त्याला काढलं नव्हतं, तज्ज्ञपणा तेवढा काढून घेतला होता. बोअरबाईने पाना त्याच्या हातात दिला.

"वरून नको बघूस," ती म्हणाली. "खाली झोप, आणि चेंबर सोडव."