आधी ताईचा हात

माझ्या ताईला घरात सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी बसेल तर शपथ! शिवणकाम करते म्हणून मशीनपुढे तरी बूड टेकतं, आणि तिथेही पाय चालूच. आमची आई स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली. नाव कसं, काहीतरी गोडधोड असावं असं! पोट दुखतंय म्हणत राहिली, आम्ही पित्ताच्या गोळ्या देत राहिलो, आणि कळलं तेव्हा डॉक्टरांनीच हात टेकले. तेव्हापासून ताई या रोगाच्या संशोधनाला देणग्यांतून अनुदान देणाऱ्या एका संस्थेत, पैसे कुणाला द्यायचे यावर मत द्यायला जाते.

संस्थेची तऱ्हाच वेगळी. आजवर कुणी करून पाहिलं नाही, फसण्याचीच शक्यता जास्त, अशाच कल्पनेला तिथे पैसे. "खात्रीच्या कामाला द्यायला बाकीचे आहेत की!" ताई ठसक्यात सांगते. मत देताना आधी रुग्णांच्या नातेवाईकांनी हात वर करायचा, मग डॉक्टरांनी. नाहीतर मोठ्यांचे हात बघून आपले वर जातात.

यंदा शेवटी दोन कल्पना उरल्या आणि पैसे एकीपुरते. एक, रोग पसरलेल्यांसाठी नवं औषध, लगेच थोड्या रुग्णांना देऊन बघणार होते. दुसरी, रक्ताच्या तपासणीतून रोग फार आधी हुडकायची. आणि यंदाच तो माझ्या पोटात निघाला. पसरलेला. ताईच माझ्या पँटींची कंबर कमी करत असते.

तिने अध्यक्षांना सांगून टाकलं होतं, भाऊ आजारी आहे, मी बाहेर थांबते. ते म्हणाले, "बाई, इथे प्रत्येक नातेवाईकाच्या घरी कुणीतरी आहे, नाहीतर होतं. कुणाकुणाला बाहेर काढू?"

बैठकीच्या सकाळी ती मला भेटून जायला आली. माझी पोरगी पोट दुखतंय म्हणत शाळा बुडवायला बघत होती. तिला पिटाळलं आणि ताईला म्हटलं, "औषधाला हात वर कर. एवढं कर माझ्यासाठी." ती पर्समध्ये किल्ली शोधत राहिली. किल्ली हातातच होती.

दिवसभर जिवाला चैन नाही. खिडकी, पलंग, पुन्हा खिडकी. बायको म्हणाली, "आता तुम्हीही भिंगरी झालात का?" तिच्यावर खेकसलो. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

संध्याकाळी ताई आली. चपलाही काढल्या नाहीत.

"तपासणीला दिलं मत. तीच मंजूर झाली."

माझं डोकंच फिरलं. "आईला झाला, मला झाला. आता आपला नंबर म्हणून स्वतःची सोय बघितलीस होय?"

"औषधालाच देणार होते रे. संस्थेचा जिना चढेपर्यंत तेच ठरलेलं."

"मग?"

"सकाळी पोरगी पोट दुखतंय म्हणाली ना, तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. पांढराफटक पडला होतास. हात वर करायची वेळ आली आणि तेच तोंड समोर आलं."

राग होता, अजून आहे. जगायचंय मला.

ताई खुर्चीत बसली. हात मांडीवर, पाय जमिनीवर, काही म्हणजे काही हलत नव्हतं. ते मला बघवेना.

"ऊठ ताई," मी म्हटलं, "ती पँट घे. पुन्हा ढगळ झालीय."