यशयाचा परदेशातला सत्कार

संगमनेरात कुणाचाही सत्कार असो, तबक यशया भिंगारदिवेच्या हातात असे. एका दूध संघात तो छत्तीस वर्षं कारकून होता, पण गावानं त्याला ओळखलं ते शालींमुळे. पाहुण्याला एका झटक्यात उलगडता येईल अशी घडी कशी घालावी, फोटोग्राफर तयार होईपर्यंत शाल खांद्यावर कशी धरून ठेवायला लावावी आणि 'जोरदार टाळ्या' नेमकं केव्हा म्हणावं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र कधी शाल पडली नाही. तो निवृत्त झाला त्या दिवशी पाच जणांसाठी पाच शाली आणल्या होत्या. प्रमुख पाहुण्यांबरोबर एक पुढारी न बोलावता आला. यशयानं आपल्या वाट्याची शाल तबकात सरकवली, पुढाऱ्याचं नाव पुकारलं आणि टाळ्या मागितल्या. घरी आल्यावर बायकोनं, दीनानं, त्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

म्हणून चर्चनं आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका खेड्यातल्या शाळेत तीन आठवडे सेवेसाठी दोघांना पाठवायचं ठरवलं, तेव्हा पहिलं नाव यशयानं दिलं. दुसरं नाव प्रार्थनाचं. ती दवाखान्यात नर्स आहे, तिशीतली, मोजकं बोलणारी. पुढची हकिकत तिच्याकडूनच कळलेली आहे आणि रंगवून सांगायचा तिचा स्वभाव नाही. यशयाच्या बॅगेत तळाशी एक नवी कोरी शाल होती, मरून रंगाची, जरीच्या काठाची. तिकडच्या लोकांकडे शाल नसणार आणि ऐनवेळी अडचण नको, एवढी दूरदृष्टी त्याच्याकडे होती.

शाळेत एकशे चाळीस मुलं. प्रार्थनानं पहिल्या आठवड्यात त्यांची नखं कापली, कान तपासले आणि फळा नीट न दिसणारी अकरा मुलं शोधून पुढच्या बाकांवर आणून बसवली. यशयानं पहिल्या आठवड्यात मुलांना रांग शिकवली. दुसऱ्या आठवड्यात तालात टाळ्या. तिसऱ्या आठवड्यात चार कडव्यांचं मराठी स्वागतगीत. आपण तर आता निघणार, मग स्वागतगीत कशाला, असं प्रार्थनानं विचारलं. स्वागतगीताशिवाय सत्कार होत नाही, असं तो म्हणाला. सत्कार कुणाचा, हे तिनं विचारलं नाही. शाळेचे मुख्याध्यापक फिरी एकदा नम्रपणे सांगून गेले की सोमवारी गणिताची परीक्षा आहे आणि मुलांचे पाढे कच्चे आहेत. यशयानं त्यांना स्टेज कुठं करायचं ती जागा दाखवली.

शेवटच्या दिवशी मुलं मैदानात रांगेत बसली. यशयानं फिरींना बाजूला घेतलं, शाल त्यांच्या हातात दिली आणि इंग्रजीत समजावलं, की मी खुर्चीवर बसेन, तुम्ही ही माझ्या खांद्यावर घाला आणि फोटो निघेपर्यंत हलू नका. फिरींनी शाल उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"ही कुणाची?"

"माझीच."

"मग तुमचीच शाल मी तुम्हाला कशी देणार?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. उभ्या आयुष्यात यशयाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे पद्धत आहे, एवढंच तो कसंबसं म्हणाला. फिरींनी शालीची वेडीवाकडी घडी घालून ती परत दिली आणि सांगितलं, थांबा, पद्धत आमच्याकडेही आहे.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक जिवंत कोंबडी होती. तिकडे मानाच्या पाहुण्याला निरोप देताना कोंबडी देतात. ती दिसताच मुलांनी रांग मोडली आणि स्वागतगीत दुसऱ्या कडव्यात संपलं. यशयानं कोंबडी दोन्ही हातांनी छातीशी धरली. तिनं पंख फडफडवले, त्याचा चष्मा एका कानाला लोंबकळला आणि तो खळखळून हसला. प्रार्थनानं तेवढ्यात फोटो काढला. कोंबडी विमानातून नेता येत नव्हती, तेव्हा ती संध्याकाळी शिजली आणि सगळ्या शिक्षकांनी मिळून खाल्ली.

संगमनेरला परतल्यावर कळलं, की रविवारी उपासनेनंतर चर्चची कमिटी दोघांचा सत्कार करणार आहे. यशया वडीलधारा, म्हणून त्याला शाल आणि प्रार्थनाला गुलाबाचं फूल. यशयानं एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण गेटवर फ्लेक्स नाही असा कार्यक्रम त्यानं कधी केला नव्हता. तो फोटो घेऊन गोरक्षनाथच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला आणि कोंबडी काढता येईल का म्हणून विचारलं.

"कोंबडी काय, तुमचं पोट बी काढतो, काका," गोरक्षनाथ म्हणाला.

त्यानं फोटोतली कोंबडी काढली आणि यशयानं सांगितल्याप्रमाणे त्याच्या खांद्यावर शाल घातली. मग रिकामे हात काहीतरी मागितल्यासारखे दिसायला लागले, म्हणून त्यात आपल्या मनानं नारळ ठेवला. चर्चच्या गेटवर नारळ बरा दिसत नाही, असं यशयानं विनवून पाहिलं.

"शाल हाय तर नारळ पायजेच," गोरक्षनाथ म्हणाला आणि छपाई सुरू केली.

रविवारी गेटवर फ्लेक्स झळकला. 'मलावी देशात भव्य सत्कार.' कमिटीच्या सायमनरावांनी तो खालपासून वरपर्यंत वाचला आणि आत जाऊन चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना गाठलं.

"यशयाचा सत्कार तिकडंच झाला की. शाल, नारळ, सगळं घेऊन आलाय. एकाच कामाला दोन शाली कशाला? ही प्रार्थनाला द्या, त्याला फूल बास झालं."

पाळकसाहेबांना ते पटलं. यशया दोन पावलांवर तबक घेऊन उभा होता आणि त्यानं सगळं ऐकलं. कोंबडीचं खरं सांगितलं असतं, तर शाल त्याचीच होती. त्यानं उघड्या दारातून गेटकडे एकदा पाहिलं आणि तबकातली शाल पुन्हा नीट घडी करून ठेवली.

मग माईकवर जाऊन त्यानं प्रार्थनाचं नाव पुकारलं आणि पाळकसाहेबांच्या पत्नींना शाल घालण्याची विनंती केली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. 'जोरदार टाळ्या' म्हणायचं तेवढं राहून गेलं. लोकांनी त्या आपणहून वाजवल्या, आणि बराच वेळ वाजवल्या.